दर्यादेवाची साखळी

"इतिहास कुणा एकाच्या मालकीचा नसतो, परांडेकर. तो अखिल मानवजातीचा असतो."

हे वाक्य डॉ. मुळगुंद जीपच्या पुढच्या सीटवरून म्हणाले. मानवजातीपैकी मी मागच्या सीटवर होतो. माझ्या पायांशी एक लाकडी खोका होता, मांडीवर त्याचं झाकण होतं आणि खोक्यात भरलेला पेंढा घाट उतरता उतरता माझ्या कॉलरमध्ये शिरला होता. खोका इतिहासासाठी होता. परत येताना तो भरलेला असणार होता आणि मला झाकणावर बसावं लागणार होतं.

मी तेव्हा संग्रहालयात सहायक अभिरक्षक होतो. अभिरक्षक म्हणजे वस्तू राखणारा. सहायक अभिरक्षक म्हणजे वस्तू राखणाऱ्याची छत्री राखणारा. डॉ. मुळगुंद आमचे प्रमुख. उंच, गोरे, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहायची त्यांना सवय. तिथे त्यांना बहुधा मानवजात दिसत असावी.

आम्ही मालवणच्या बाजूला मुरवणे नावाच्या बंदरावर चाललो होतो. तिथे किनाऱ्यावर एक देव होता. कमरेएवढा, काशाचा. पुष्कळ वर्षांपूर्वी कुणाच्या तरी जाळ्यात तो समुद्रातून वर आला. गावाने त्याला ओट्यावर बसवला, शेंदूर लावला, आणि दर्यादेव म्हणून नारळ फोडायला सुरुवात केली. आदल्या वर्षी डॉक्टर सुट्टीत मासे खायला म्हणून तिकडे गेले होते. देवाच्या कोपरावरचा शेंदूर थोडा उडाला होता आणि आत हिरवटलेलं कासं दिसत होतं. डॉक्टरांनी ताटावरून उठून पाहिलं. दाढी, उगारलेला उजवा हात, मुठीत कधीकाळी त्रिशूळ असावा अशी पोकळी. त्यांनी जागच्या जागी निदान केलं. हा पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन गलबतातून आला आणि इथे बुडाला.

एवढ्यावर थांबले असते तर ते मुळगुंद कसले. देवाच्या गळ्यात एक साखळी होती. शेंदराखाली ती दोरखंडासारखी जाड दिसत होती. छातीवरून तिरकी उतरून ती खाली ओट्यात शिरली होती. जगातल्या कुठल्याही पोसायडनच्या गळ्यात साखळी नाही. डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला, 'शृंखलाबद्ध सागर'. समुद्राला जिंकणाऱ्या माणसाने समुद्राच्या देवालाच बेड्या घातल्या, आणि अनाम ग्रीक शिल्पकाराने हा विजय काशात ओतला, असा त्याचा मथितार्थ. निबंध परदेशात वाचला गेला. तिथल्या विद्वानांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असं डॉक्टर सांगत. विद्यापीठाने तो एम.ए.ला लावला. संग्रहालयात नवं दालन उभं राहिलं, दालनाच्या मधोमध संगमरवरी चौथरा आला, चौथऱ्यावर पितळी पाटी बसली. आता त्यावर फक्त देव बसायचा राहिला होता.

"साखळीबद्दल गावात कुणाला विचारलंत का, सर?" मी मागून विचारलं.

"त्यांना काय माहीत असणार? तो पोसायडन आहे हेसुद्धा त्यांना मी सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"चहा घेणार का, असं म्हणाले."

मुरवण्यात आम्ही पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. वाळूत बांगडे सुकत घातले होते. सुरूच्या झाडांखाली देवाचा ओटा होता, आणि ओट्यापुढे एक म्हातारी कमरेवर हात ठेवून देवाशी बोलत होती. आवाज असा, की समुद्राने मध्ये तोंड घालू नये.

"काय रे मेल्या, आजपण तोंड शिवलंस? रोज इचारतंय, रोज मुको. लाज कशी नाय तुका?"

डॉक्टर थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता पसरली. "लोकभक्तीत ही सलगी असते. टिपून घ्या." मी टिपून घेतलं. मेल्या, मुका, लाज.

सरपंच पुंडलिक कोयंडे पुढे आले. खांद्यावर पंचा, चेहऱ्यावर काळजी. त्यांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि ग्रामस्थ वाळूत बसून होते. गावातल्या साप्ताहिकाचा एक फोटोग्राफरही होता. त्याला डॉक्टरांनीच बोलावलं होतं.

"ही भामाकाकी," सरपंच म्हातारीकडे पाहून म्हणाले. "तारींच्या घरातली. देवाचो मान त्यांचो. त्यांच्याच होडयेत गावलो तो."

"वा," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुमच्या देवाला आता जग बघणार आहे."

भामाकाकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खोक्याकडे. "ह्येच्यात घालतलास?"

"पेंढा आहे आत," मी म्हणालो. "खरचटणार नाही."

बाजूला जाऊन तिने मासे परतायला सुरुवात केली. म्हणजे तव्यावर नव्हे. वाळूत पालथे होते ते उताणे केले.

डॉक्टरांनी भाषण केलं. अखिल मानवजात आली, सातासमुद्रापार आलं, मुरवण्याचं नाव जगाच्या नकाशावर आलं. सरपंचांनी सगळं ऐकून घेतलं आणि पंच्याने तोंड पुसलं.

"आमची ना नाय, सायब. सरकार न्हेता म्हटल्यार आमी कोण? पण देवाक इचारूक व्हया. कौल लावल्याशिवाय आमच्या हय पान हलना नाय."

मला वाटलं डॉक्टर चिडतील. ते खुश झाले. कौल म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "हरकत नाही. पन्नास टक्के तर आपण इथेच जिंकलो. आणि उरलेल्या पन्नासांत मी पुन्हा लावायला सांगेन."

भिकाजी गुरव अंघोळ करून ओल्या पंच्याने आला. वाळकुडा माणूस, पण गाऱ्हाणं घालायला लागला तसा त्याचा आवाज घंटेसारखा निघाला.

"बा दर्यादेवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," ग्रामस्थ म्हणाले.

"आज ही मुंबयची सायब मंडळी तुझ्या दारात इली हत..."

"व्हय म्हाराजा."

"तुका मोठ्या घरात न्हेवन बसवचा म्हणतत. तुझी जावची मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी, आनि तुझ्या लेकरांका सांभाळून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

फोटोग्राफरने कॅमेरा लावला. भिकाजीने पाकळ्या चिकटवल्या. त्याने हात मागे घेतला न घेतला तोच उजवी पाकळी सुटली आणि घसरत वाळूवर पडली. इतक्या लवकर, की फोटो निघालाच नाही.

वारा नव्हता. कुणी हललं नाही. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "पाहिलंत? ग्रीक आहे तो. सुसंस्कृत."

मला एक गोष्ट विचित्र वाटली. देवाने असा तडकाफडकी कौल दिल्यावर लोकांनी देवाकडे पाहायला हवं होतं. सगळा गाव भामाकाकीकडे पाहत होता. भिकाजी तर पाठ वळवून उभा होता, जणू चूक त्याचीच.

भामाकाकीने उरलेले दोन बांगडे उलटले. हात पदराला पुसले आणि ओट्यापाशी आली.

"झाला?"

"उजवो दिल्यान, काकी," भिकाजी जमिनीकडे पाहत म्हणाला.

"देतलोच. डावो देता कशाक?"

डॉक्टर पुढे झाले. त्यांच्या आवाजात मध होता. "बाई, प्रत्यक्ष देवानेच परवानगी दिली आहे."

"देवान दिल्यान. मी खय दिलंय?"

"देवाच्या वर का कुणी असतं?"

"चोराक इचारलात, तुरुंगातसून भायर जातंस काय, तर तो काय नको म्हणतलो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोलापूरकडचा. समुद्र मी परीक्षेला बसल्यासारखा पाहत असे, आणि मालवणी मला निम्मी कळे. पण हे वाक्य पूर्ण कळलं. "सर, त्या म्हणतायत देव कैदी आहे."

"रूपक आहे," डॉक्टर म्हणाले. "लोकमानसाचं."

भामाकाकीने रूपकाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज तिने चढवला नाही.

"माझो घोव ह्याच होडयेन गेल्लो. सांजेक होडी परत इली, दीर परत इलो, जाळा परत इला. जाळ्यात ह्यो इलो. घोव नाय इलो. लाटेन न्हेल्यान. गाव म्हणालो, भामा, देव इलो तुझ्या घराक, नशीबवान तू. मी म्हटलंय, देव नाय इलो. गहाण इलो. दर्यान माझो माणूस न्हेल्यान आनि आपलो एक माझ्याकडे ठेवल्यान. माझो माणूस परत आणून देयत, तेवा ह्येका सोडतलंय."

सरपंच पंच्याशी चाळा करत होते. गावात ही गोष्ट ज्याला माहीत नाही असा कुणी नव्हता.

"पळूक बघता तो," भामाकाकी पुढे म्हणाली. "पयल्याच पावसाळ्यात उधाण हय ओट्यापर्यंत इला. ह्येका न्हेवकच इल्ला. म्हणान मी होडयेच्या नांगराची साखळी ह्येच्या गळ्यात घातलंय. नांगर खाली ओट्यात पुरलंय. जा आता, म्हटलंय, खय जातंस ता."

सुरूच्या झाडांत एक कावळा ओरडला. मी साखळीकडे पाहिलं. शेंदराखालच्या एकेक कडीकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पाहिलं.

ते ओट्याकडे बघत होते. समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहायची सवय पहिल्यांदाच मोडली होती.

"परांडेकर, ही बाई काय म्हणते?"

"साखळी तिने घातली, सर. तिच्या होडीची आहे."

"अशक्य. साखळी मूर्तीबरोबरच ओतलेली आहे. शैलीच सांगते."

"मग तुमी माका इचारल्यात नाय कशाक?" भामाकाकी म्हणाली. "गेल्या वर्सा हय बसान चार बांगडे खाल्लास. मीच तळून दिल्लंय."

फोटोग्राफरने हे लिहून घेतलं की काय कुणास ठाऊक, पण त्याने खिशातून पेन काढलं. डॉक्टरांनी ते पेन पाहिलं. मग एकदम ताठ झाले.

"हे पाहा, देवाचा कौल मिळाला आहे, सरपंचांची संमती आहे. ड्रायव्हर, छिन्नी-हातोडा आणा. परांडेकर, साखळी तोडा आणि मूर्ती खोक्यात घ्या."

ड्रायव्हरने छिन्नी आणून माझ्या हातात दिली. ग्रामस्थ उठून उभे राहिले, पण पुढे कुणी आलं नाही. देवाने होकार दिला होता, सरकार समोर होतं. दोघांच्या मध्ये फक्त भामाकाकी उरली होती. तिने साखळीवर हात ठेवला. नुसता ठेवला, धरलीसुद्धा नाही.

"तोड," ती मला म्हणाली. "आधी माझो हात तोडूचो लागतलो. बघ, बामणा, जमता काय."

मी ब्राह्मण आहे हे तिने कशावरून ओळखलं ते मला कळलं नाही. बहुधा छिन्नी धरायच्या पद्धतीवरून.

मी छिन्नी ओट्यावर ठेवली. "नाही तोडता येणार, सर."

"म्हणजे?"

"तुमच्या निबंधाप्रमाणे साखळी ग्रीक आहे."

"अर्थात ग्रीक आहे."

"मग ती पुरावस्तू आहे. पुरावस्तूवर छिन्नी चालवणं हा गुन्हा आहे. नोकरी लागली तेव्हा तुम्हीच मला ते कलम पाठ करायला लावलं होतं."

डॉक्टरांची नजर फोटोग्राफरच्या पेनाकडे गेली.

"काकी म्हणतात तशी ती होडीची असेल तर खुशाल तोडता येईल," मी म्हणालो. "पण मग काकींचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं होईल. इथे, सगळ्यांसमोर. फोटोग्राफर आहेतच."

हे धैर्य होतं असं मी म्हणणार नाही. कॉलरमधला पेंढा सकाळपासून टोचत होता आणि परत सबंध घाट त्या झाकणावर बसून चढायचा होता.

डॉक्टरांनी शेवटचा मार्ग काढला. "साखळीसकट न्या. ओटा खणा. खाली जे असेल ते सगळं न्या."

"खाली नांगर आहे, सर."

"तोही ग्रीक असेल."

मी सरपंचांकडे वळलो. "नांगरावर काही लिहिलेलं आहे का हो?"

सरपंचांनी भामाकाकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आसा. घोवाचा नाव. माज्या तोंडान मी घेवचंय नाय, तूच सांग."

"वासुदेव तारी, मुरवणे बंदर," सरपंच म्हणाले. "लोहाराकडसून कोरून घेतल्लो. नांगर बदलत म्हणान आमच्या हय सगळेच नाव घालतत."

डॉ. मुळगुंद बराच वेळ समुद्राकडे पाहत उभे राहिले. समुद्र शृंखलाबद्ध दिसत नव्हता. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. देव घेऊन जायचा आणि निबंध इथे सोडायचा, किंवा निबंध घेऊन जायचा आणि देव इथे सोडायचा. देव एक होता. निबंधाच्या जोरावर अध्यक्षपदं तीन होती आणि चौथं यायचं होतं.

ते वळले तेव्हा त्यांची नजर पुन्हा आमच्या डोक्यांवरून पलीकडे गेली होती. "शिल्प त्याच्या मूळ परिसरातच जतन व्हावं, असं माझं शास्त्रीय मत बनलं आहे," ते म्हणाले. "जगात आता हाच विचार आहे. मुरवण्याचा ठेवा मुरवण्यातच राहील."

टाळ्या फोटोग्राफरने सुरू केल्या. सरपंचांनी नारळ फोडला. भिकाजी गुरव मात्र अस्वस्थ होता. कौल म्हणजे कौल. तो कुणी मोडला असं त्याच्या आज्यापणज्याच्या काळातही झालं नव्हतं. तो ओट्यापाशी थोडा वेळ डोकं खाजवत बसला आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"देवान जावचो कौल दिल्यान, ता खरा," तो म्हणाला. "पण कधी जावचा ता खय सांगल्यान?"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

भामाकाकीने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. डॉक्टरांनी बांगडे खाल्ले. तिने त्यांना एक जास्त वाढला, आणि वाढताना देवाकडे बघून म्हणाली, "बघ रे. माणसा कशी, पोट भरला की घराक जातत."

परतताना खोक्यात पेंढाच होता. पुढे महिन्याभरात माझी बदली नाण्यांच्या विभागात झाली. तिथे शांतता होती. नाण्याच्या गळ्यात कुणी काही घालत नाही.

त्यानंतर मी मुरवण्याला एकदाच गेलो. केस पिकल्यावर, रजा काढून, स्वतःच्या पैशाने. सरपंच गेले होते. भिकाजीच्या जागी त्याचा मुलगा गुरवपण करत होता. म्हणाला, "बऱ्या वक्ताक इलात. देवान परवा खोळ टाकल्यान." वर्षानुवर्षांचा शेंदूर एखाद्या कवचासारखा एकदम गळून पडला होता. विधी होऊन नवा लेप चढायचा होता, आणि तोवर देव उघडा होता.

भामाकाकी ओट्याला टेकून बसली होती. डोळे अधू झाले होते, आवाज तोच. "कोण तो? छिन्नीवालो?"

"हो, काकी."

"बस."

मी बसलो नाही. उघडा पोसायडन मी पहिल्यांदाच पाहत होतो. दाढी सुरेख होती, एकेक बट सुटी. हात उगारलेला. शेंदूर गेल्यामुळे ओठ दिसत होते, आणि ओठ मिटलेले नव्हते. तोंड गोल उघडं होतं, कुणाला तरी हाक मारावी तसं. मी वाकून आत पाहिलं. मग बोट घालून पाहिलं.

तोंडात आटे होते. पाऊण इंची नळ फिरवून बसवायला असतात तसे, एकसारखे, यंत्रावर पाडलेले. ग्रीकांच्या नावावर पुष्कळ शोध आहेत, पण हा त्यात नाही. पाठीखालीही तसंच भोक होतं, पाणी आत घ्यायला. कुठल्यातरी विलायती कारखान्यात ओतलेला, कुठल्यातरी गोऱ्या साहेबाच्या बागेत कारंज्यावर उभं राहायला निघालेला, आणि वाटेत बोटीबरोबर बुडालेला देव होता तो.

"काय गावला?" भामाकाकीने विचारलं.

तिला न सांगणं सोपं होतं. पण जिने देवाचा कौल मानला नाही तिच्यापासून लपवून काय ठेवायचं. "काकी, हा देव नव्हे. बागेतल्या कारंज्याचा नळ आहे. तोंडातून पाणी उडायचं."

हात लांबवून तिने त्याचं तोंड चाचपलं. ओठ, दाढी, मग आत बोट घालून आटे.

"म्हणजे घोव न्हेल्यान," ती म्हणाली, "आनि बदल्यात नळ दिल्यान."

"हो."

"एवढो मोठो दर्या, आनि फसवल्यान एका बायलेक."

तिने साखळी हातात घेतली, एक हिसका देऊन ओट्यातला नांगर घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि देवाच्या मानेवर एक वेढा जास्त टाकला.

"आता तर मुळीच सोडूचंय नाय," ती म्हणाली.

डॉ. मुळगुंद सन्मानाने निवृत्त झाले. 'शृंखलाबद्ध सागर' एम.ए.ला अजून आहे. संग्रहालयातल्या त्या संगमरवरी चौथऱ्यावर सध्या थंड पाण्याचा कूलर ठेवला आहे. त्याचा स्टीलचा पेला कुणी पळवू नये म्हणून साखळीने बांधलेला आहे.